वाचक विचारतात : युद्ध थांबवायला किती मतं लागतात?

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणमधल्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. काँग्रेसची, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या अमेरिकी संसदेची, परवानगी घेतलेली नव्हती. त्यावरच्या आमच्या टिपणानंतर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. आमची भूमिका युद्धविरोधी आणि डावीकडे झुकलेली आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. मतांचे आकडे आणि तारखा मात्र कुठल्याही भूमिकेच्या माणसाने पडताळून पाहाव्यात अशाच आहेत.

प्रश्न : युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. मग राष्ट्राध्यक्ष परस्पर हल्ले कसे करतात? १९७३ चा वॉर पॉवर्स कायदा नेमका कुठे कमी पडतो?

घटनेतली तरतूद स्पष्ट आहे, पण ती वापरात राहिलेली नाही. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. १९५० मध्ये ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य उतरवलं आणि पायंडा पडला. व्हिएतनामनंतर काँग्रेसला जाग आली. निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी मोडून तिने १९७३ चा कायदा केला.

कायद्याची रचना अशी : सैन्य लढाईत उतरवलं की राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत लेखी अहवाल द्यायचा. त्यानंतर ६० दिवसांत काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही तर कारवाई बंद करायची. माघार सुरक्षित व्हावी म्हणून फार तर आणखी ३० दिवस. आणि त्याआधी केव्हाही दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की सैन्य परत बोलवायचं. या ठरावावर राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज ठेवलेली नव्हती. कायद्याचा कणा हाच होता.

हा कणा १९८३ मध्ये मोडला, तोही युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या खटल्यात. एका माणसाच्या हद्दपारीच्या प्रकरणात, ‘चढ्ढा’ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राष्ट्राध्यक्षांकडे सहीला न पाठवलेला ठराव सरकारला बांधू शकत नाही. तेव्हापासून युद्ध थांबवण्याचा ठराव इतर विधेयकांसारखा सहीसाठी जातो. ज्याने युद्ध सुरू केलं त्याच्याच टेबलावर! तो नकाराधिकार वापरणार, आणि तो मोडायला सगळे हजर असतील तर सिनेटमध्ये ६७ आणि प्रतिनिधिगृहात २९० मतं हवीत. म्हणजे युद्ध सुरू करायला एकही मत लागत नाही, थांबवायला दोन-तृतीयांश लागतात. घटनाकारांनी जे गणित मांडलं होतं त्याच्या बरोबर उलटं. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

साठ दिवसांची मुदत तरी पाळली जाते का? ती टाळायच्या वाटा ठरून गेल्या आहेत. पहिली वाट अहवालातून जाते. मुदत ज्या कलमाला बांधलेली आहे त्या कलमाचा उल्लेखच राष्ट्राध्यक्ष करत नाहीत; ‘कायद्याशी सुसंगत राहून’ माहिती देत आहोत, एवढंच लिहितात. आजवर तो उल्लेख फक्त एकदा झाला : १९७५ मध्ये फोर्ड यांनी कंबोडियाने पकडलेल्या ‘मायाग्वेझ’ जहाजाच्या प्रकरणात केला, आणि तोवर कारवाई संपलेली होती. दुसरी वाट व्याख्येची. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारने सांगितलं की जमिनीवर सैनिक नाहीत, जीवितहानीचा धोका मर्यादित आहे, त्यामुळे या कारवाईला कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’ म्हणताच येत नाही. वरून बॉम्ब पडत होतेच. १९९९ मध्ये कोसोवोत क्लिंटन यांनी ७८ दिवस बॉम्बफेक केली. तिला मंजुरी देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत अडकला, तरी ती चालूच राहिली. तिसरी वाट सगळ्यांत सरळ : एका रात्रीत काम उरकायचं. इराणवर जून २०२५ मध्ये तेच झालं. ही कारवाई थांबवण्याचा सिनेटर टिम केन यांचा ठराव २७ जूनला मताला आला आणि ४७–५३ असा पडला. विमानं तोवर कधीच परतली होती.

ही उदाहरणं दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांची आहेत. ओबामा यांच्या वेळी जे गप्प बसले त्यांना ट्रम्प यांच्या वेळी बोलताना अडचण होते, आणि ती व्हायलाच हवी.

प्रश्न : ठराव पडणारच असतील तर सिनेटर बर्नी सँडर्स आणि त्यांची पुरोगामी मंडळी ते मांडतात कशाला? येमेनच्या ठरावाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तिथे काय साधलं?

येमेनचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण काँग्रेस कुठे अडते आणि कुठे हलते हे दोन्ही त्यात दिसतं.

मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या आघाडीने येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. ओबामा सरकारने शस्त्रं दिली, गुप्त माहिती पुरवली आणि सौदी लढाऊ विमानांना हवेतल्या हवेत इंधन भरून दिलं. या मदतीला काँग्रेसची मंजुरी नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सँडर्स, रिपब्लिकन माइक ली आणि डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांनी ती बंद करण्याचा ठराव आणला.

या ठरावांना एक मोठी सवलत असते. सिनेटमध्ये साधारणपणे कुठलंही विधेयक पुढे न्यायला ६० मतं जमवावी लागतात. युद्धविषयक ठराव समितीने दहा दिवसांत हातावेगळा केला नाही, तर कोणीही सिनेटर तो थेट सभागृहात आणू शकतो, आणि तिथे साधं बहुमत पुरतं. बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्यालाही तो दाबून ठेवता येत नाही. हाताशी फारसं बळ नसलेल्या पुरोगाम्यांना हे हत्यार म्हणूनच मोलाचं वाटतं.

मार्च २०१८ मध्ये ठराव ५५–४४ मतांनी बाजूला सारला गेला. २ ऑक्टोबरला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली आणि वारं फिरलं. नोव्हेंबरात ठराव समितीतून बाहेर काढायच्या बाजूने ६३ मतं पडली. १३ डिसेंबरला सिनेटने तो ५६–४१ असा मंजूर केला.

प्रतिनिधिगृहात मात्र घात झाला. तिथे कुठलंही विधेयक चर्चेला घेताना ते कसं घ्यायचं याचा एक ‘नियम’ आधी मंजूर करावा लागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये लांडग्यांना संरक्षित प्राण्यांच्या यादीतून काढणारं विधेयक आलं होतं. त्याच्या नियमात एक वाक्य घुसवलं होतं : येमेनच्या ठरावाला ती सवलत लागू नाही. २०१ विरुद्ध १८७ मतांनी नियम मंजूर झाला आणि ठराव मेला. डिसेंबरात तीच युक्ती शेती विधेयकाच्या नियमात वापरली, तेव्हा फरक फक्त तीन मतांचा होता : २०६–२०३. येमेनमधल्या लाखो भुकेल्या माणसांचा प्रश्न लांडग्यांच्या कागदाखाली दडपला गेला, याचा आम्हाला आजही संताप येतो.

२०१९ मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे आलं. फेब्रुवारीत तिथे ठराव मंजूर झाला, पण जाता जाता विरोधकांनी त्याला यहुदीद्वेषाचा निषेध करणारं कलम जोडलं. त्याविरुद्ध मत देणं कोणालाच परवडणारं नव्हतं. मात्र युद्धाशी संबंध नसलेला मजकूर शिरल्यामुळे सिनेटमधली सवलत गेली, आणि तो ठराव निरुपयोगी झाला. सिनेटला स्वतःचा कोरा ठराव आणावा लागला. तो मार्चमध्ये ५४–४६ आणि एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहात २४७–१७५ असा मंजूर झाला. १९७३ च्या कायद्याखालचा ठराव दोन्ही सभागृहांतून जाऊन राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. ट्रम्प यांनी १६ एप्रिलला नकाराधिकार वापरला. तो मोडायला सिनेटमध्ये ५३ मतं मिळाली. पुरेशी नव्हती.

मग साधलं काय? ठराव सिनेटच्या दाराशी आलेला असताना, नोव्हेंबर २०१८ मध्येच, सौदी विमानांना हवेत इंधन भरणं बंद झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी आक्रमक कारवायांना मदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. नुसत्या भाषणांनी हे झालं नसतं. मतदान होणार, नावानिशी नोंद होणार, ही धास्ती सरकारला वाकवते. ठराव मांडत राहण्याचं कारण हे आहे.

प्रश्न : लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा २००१ चा ठराव अजून लागू आहे का?

आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवडाभरात त्यावर सही झाली. मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचं, मुदत नाही, देशाचं नाव नाही. सिनेटमध्ये ९८–०, प्रतिनिधिगृहात ४२०–१. विरोधातलं ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं होतं. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे सोमालियापासून सीरियापर्यंतच्या कारवायांना याच साठ शब्दांचा आधार दिला गेला, आणि कोऱ्या धनादेशाबद्दल त्यांनी दिलेला इशारा शब्दशः खरा ठरला. इराकविषयीचे १९९१ आणि २००२ चे ठराव डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात रद्द झाले. २००१ चा तसाच आहे.

प्रश्न : इस्रायलला शस्त्रं देण्याविरुद्ध सिनेटमध्ये मतदान झालं म्हणतात. शस्त्रविक्री रोखायची पद्धत काय? मानवी हक्क तुडवणाऱ्या सैन्याला मदत द्यायची नाही असा कायदा आहे ना?

दोन वेगळे कायदे आहेत, गल्लत करू नका.

पहिला १९७६ चा शस्त्रनिर्यात कायदा. ठरावीक रकमेपेक्षा मोठी विक्री असेल तर सरकारने काँग्रेसला आधी कळवायचं. बहुतेक देशांसाठी ३० दिवस. नाटो देश, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड आणि इस्रायल यांच्यासाठी फक्त १५. त्या काळात, आणि खरं तर माल पोहोचेपर्यंत केव्हाही, काँग्रेस विक्री रोखणारा ठराव करू शकते. इथेही सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं, आणि इथेही शेवटी नकाराधिकार आडवा येतो. आजवर या मार्गाने एकही विक्री कायमची अडलेली नाही. सर्वांत जवळ गेलेला प्रयत्न १९८६ चा : सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकण्याविरुद्धच्या ठरावावर रेगन यांचा नकाराधिकार एका मताने टिकला. शिवाय परराष्ट्रमंत्र्यांनी ‘आणीबाणी’ जाहीर केली की वाट पाहण्याची अटच उडते. ट्रम्प सरकारने मे २०१९ मध्ये तसं करून सुमारे ८.१ अब्ज डॉलरची शस्त्रं सौदी अरेबिया, अमिरात आणि जॉर्डनकडे रवाना करण्याची सोय केली. बायडेन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलला रणगाड्यांचे जवळजवळ १४ हजार तोफगोळे देताना तेच कलम वापरलं. गाझात त्या वेळी काय चाललं होतं हे जगाला दिसत होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सँडर्स यांच्या ठरावांना वीससुद्धा मतं पडली नाहीत. जुलै २०२५ मध्ये रायफलींच्या विक्रीविरुद्ध २७ मतं पडली, विरोधात ७०. हरले, पण सिनेटमधल्या डेमोक्रॅट गटाच्या निम्म्याहून जास्त सदस्यांनी पहिल्यांदाच इस्रायलला शस्त्रं नाकारायच्या बाजूने मत दिलं. बातम्यांमध्ये ‘प्रस्ताव फेटाळला’ एवढंच येतं, ही सरकलेली रेघ दिसत नाही.

दुसरा लेही कायदा, व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने १९९७ पासून आलेला. एखाद्या लष्करी तुकडीने बेकायदा हत्या, छळ, बलात्कार किंवा माणसं गायब करणं असे प्रकार केल्याची विश्वसनीय माहिती असेल, तर त्या तुकडीला अमेरिकेची मदत बंद. संपूर्ण देशाला नाही, तुकडीला. प्रशिक्षणाच्या बाबतीत हा कायदा बरा चालतो, कारण कोणाला शिकवायचं त्याची यादी आधीच असते आणि वकिलातीत छाननी होते. इस्रायलच्या बाबतीत शस्त्रं ठोकाने जातात. २०१६ च्या कराराने दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर ठरलेले आहेत, आणि कुठला बॉम्ब कुठल्या तुकडीकडे गेला हे अमेरिकेकडेच नोंदलेलं नसतं. त्यामुळे छाननी मदत देऊन झाल्यावर होते, तीही वेगळ्या आणि संथ प्रक्रियेने. २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याने पाच इस्रायली तुकड्यांनी गंभीर उल्लंघनं केल्याचं मान्य केलं, आणि पाचही तुकड्यांबाबत ‘दुरुस्ती झाली’ असं ठरवून मदत चालू ठेवली. कायद्याला अपवादाचं हे दार आहे. ते उघडायचं की नाही हे राजकारण ठरवतं.

प्रश्न : संरक्षण खर्च कमी करा, असं पुरोगामी म्हणतात. आकडे कुठे आणि कसे पाहायचे?

आधी दोन कागद वेगळे ओळखा. दरवर्षी गाजतो तो संरक्षण अधिकार कायदा. त्यात किती खर्चाला परवानगी आहे हे असतं, पण तिजोरीतून पैसा निघतो तो विनियोजन विधेयकातून. एखादी तरतूद पहिल्यात आली म्हणून ‘निधी मिळाला’ असं छापलं तर ते चूक असतं. तिसरा कागद पुरवणी विधेयकाचा, जो कायद्याने ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेच्या बाहेरून येतो : एप्रिल २०२४ मधलं ९५ अब्ज डॉलरचं, ज्यात युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज होते. आणि २०२५ मध्ये चौथा आला : जुलैत मंजूर झालेल्या कर आणि खर्चाच्या महाविधेयकात सुमारे १५० अब्ज डॉलर संरक्षणासाठी होते. त्याच विधेयकाने गरिबांच्या आरोग्यविम्याला, मेडिकेडला, मोठी कात्री लावली. फक्त पहिला कागद वाचणाऱ्याला हे दिसतच नाही.

२०२४ च्या आर्थिक वर्षासाठी संरक्षणाची मर्यादा ८८६ अब्ज डॉलर होती. शिक्षण, घरं, संशोधन, परराष्ट्र व्यवहार अशा बाकी सगळ्या ऐच्छिक, म्हणजे काँग्रेस दरवर्षी नव्याने ठरवते त्या, खर्चासाठी मिळून ७०४ अब्ज. परदेशी मदत म्हणून ज्याच्यावर राग काढला जातो ती एकूण केंद्रीय खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास. २०२० मध्ये संरक्षण खर्चात १० टक्के कपात सुचवली गेली तेव्हा सिनेटमध्ये तिला २३ आणि प्रतिनिधिगृहात ९३ मतं मिळाली. पेंटॅगॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, पहिलं संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये झालं, आणि तेव्हापासून त्याला एकदाही स्वच्छ शेरा मिळालेला नाही.

मंजूर झालेला पैसा खर्च होईलच असंही नाही. मंजूर पैसा अडवून ठेवण्याच्या निक्सन यांच्या मनमानीनंतर केलेल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षांना पैसा परत घ्यायचा असेल तर काँग्रेसकडे मागणी करायची. ४५ दिवसांत तिने मान्यता दिली नाही तर तो खर्च करायचा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ट्रम्प सरकारने ४.९ अब्ज डॉलरच्या परदेशी मदतीबाबत अशी मागणी केली. आर्थिक वर्ष संपायला ३० सप्टेंबर, म्हणजे ४५ दिवस उरलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला पैसा रोखून धरायला मुभा दिली. केनेडी यांच्या काळात, १९६१ मध्ये उभी राहिलेली यूएसएड ही परदेशी मदत देणारी सरकारी संस्था तर त्याआधीच, १ जुलैला, बंद झालेली होती. तिच्या पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यांत औषध घेणाऱ्यांना यातलं एकही कलम माहीत असण्याचं कारण नव्हतं.

प्रश्न : पुरोगामी म्हणजे डेमोक्रॅटच ना?

जवळजवळ सगळे त्या पक्षात आहेत, पण पक्ष म्हणजे ते नाहीत. १९९१ मध्ये प्रतिनिधिगृहात त्यांचा गट सुरू झाला. सँडर्स पहिले अध्यक्ष, आणि ते स्वतः अपक्ष. इराक युद्धाला परवानगी देणाऱ्या २००२ च्या ठरावाला प्रतिनिधिगृहातल्या १२६ डेमोक्रॅटांनी विरोध केला. सिनेटमध्ये मात्र जो बायडेन, हिलरी क्लिंटन आणि जॉन केरी तिघांनी बाजूने मत दिलं, आणि पुढच्या वीस वर्षांत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी या तिघांनाही मिळाली.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी नागरिक आहे, भाऊ एच-वन-बी व्हिसावर. खासदाराला फोन केल्याने फरक पडतो का?

पडतो, योग्य वेळी आणि नेमकं बोललात तर. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. तिथून तुमच्या प्रतिनिधीचं किंवा सिनेटरचं कार्यालय जोडून देतात. आधी पिन कोड सांगा, नाहीतर फोनची नोंदच होत नाही. मग ठरावाचा क्रमांक आणि एकच मागणी : सहप्रायोजक व्हा, किंवा अमुक मत द्या. ‘युद्ध थांबवा’ एवढंच म्हटलं तर ते एका वाक्यात निकाली निघतं. परराष्ट्र विषय पाहणाऱ्या सहायकाचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या वेळी त्यांनाच मागा. ठराव मांडल्यापासून मतदानापर्यंतचे दिवस मोजके असतात. मतदान झाल्यावर फोन करायचा तो दिलेल्या मताबद्दल जाब विचारायला किंवा आभार मानायला, दोन्हीची नोंद राहते. आणि मतदान कशावर होतं ते पाहा : ‘समितीतून बाहेर काढायच्या’ बाजूने मत देऊन शेवटच्या मतदानात फिरलेले सदस्य असतात.

भाऊसुद्धा फोन करू शकतात, ते त्या मतदारसंघाचे रहिवासी आहेत. उमेदवाराच्या प्रचारात विनामोबदला कामही करता येतं. देणगी मात्र एक डॉलरचीही चालत नाही, ना उमेदवाराला, ना पक्षाला, ना प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या ‘सुपर पॅक’ गटाला. ग्रीन कार्ड मिळाल्यावर चालते. तुमच्या खात्यातून त्यांच्या पैशांची देणगी पाठवणं हाही गुन्हाच.